भिंतीपलीकडची खाट

सुलक्षणा टेबलाखाली शिरली आणि भिंतीतल्या भोकातून आलेली तार तिने हलकेच ओढून पाहिली.

"मामा, तार तर शाबूत शे."

"कशी असेल? अभिमनने कापलीय," योगेंद्र खुर्चीवरूनच म्हणाला. "बठ्ठं, सगळं त्यानीच करेल शे."

नशिराबादच्या त्या घराच्या मधोमध वाटणीची भिंत होती. अलीकडे थोरल्या योगेंद्रचं सातबारा काढून देण्याचं, पीकविमा भरून देण्याचं दुकान; पलीकडे धाकटा अभिमन आणि अर्धांगाने खाटेला खिळलेली आई, भिकुबाई. एकमेकांच्या दारात पाय ठेवणार नाही, अशी शपथ दोघांनी चारचौघांत घेतली होती. कॅमेऱ्याबद्दल शपथेत काही नव्हतं. म्हणून अभिमनने मुकाट्याने खाटेसमोर कॅमेरा लावून तार भिंतीतल्या भोकातून अलीकडे सोडली होती, आणि योगेंद्र दुकान उघडलं की देवाआधी कॉम्प्युटरच्या पडद्यावर आईला बघत होता. शपथही शाबूत, आईही शाबूत. व्यवहार चोख.

त्याच तारेतून भावाचं इंटरनेटही येत होतं. पुढे त्यावर दुकान चालवणं त्याला कमीपणाचं वाटू लागलं. त्याने स्वतःचं कनेक्शन घेतलं, कॉम्प्युटरात दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं, आणि त्याच दिवशी आई पडद्यावरून गेली. धाकट्याची बायको बेबाबाई दारापर्यंत येऊन सांगून गेली, "भाऊ, आई खात नाहीत. तुमची वाट बघतात." त्याने मान वर न करता उत्तर दिलं होतं, "आधी तार जोडा म्हणावं."

शेवटी त्याने देवपूरहून भाचीला बोलावलं. ती कॉम्प्युटर जोडण्याचंच काम करायची. टेबलाखालून बाहेर येऊन तिने सेटिंग उघडलं आणि कपाळावर हात मारला.

"दोन्ही कार्डांना गेटवे दिलाय तुम्ही?"

"मग? एकाला द्यायचा अन् दुसऱ्याचा रकाना कोरा ठेवायचा? वाटणी झालेल्या घरात असं केलं तर डोकी फुटतात, बाई."

"कार्डं नाही भांडत, मामा. गेटवे म्हणजे बाहेर जायचा रस्ता, तो एकच द्यायचा असतो. तुम्ही दोन दिले, कॉम्प्युटरने नवा धरला. आता हा बिचारा आजीला शोधायला जगभर हिंडतोय. अन् आजी हाताच्या अंतरावर."

"म्हणजे अभिमनने..."

"धाकल्या मामांनी हातसुद्धा लावलेला नाही."

योगेंद्रने टेबलावरचा स्टॅपलर उचलला, उघडला, मिटला, परत ठेवला.

सुलक्षणाने एक ओळ टाइप केली. अभिमनच्या घरचं तेवढं जुन्या तारेने, बाकी सगळं नव्या.

पडदा उजळला. खाट कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात ओढलेली होती. भिकुबाईंच्या पाठीशी उशा रचल्या होत्या, आणि त्या उशांत त्या पोरासारख्या लहान दिसत होत्या. अभिमन त्यांचे केस विंचरत होता. फणी ठेवून त्याने त्यांचा लुळा हात मनगटाशी धरला आणि कॅमेऱ्याकडे हलवला. रोजचंच काम असावं तसा. मग हात पांघरुणात घातला आणि क्षणभर कॅमेऱ्याकडे बघत उभा राहिला.

इकडे योगेंद्रचा हात वर गेला होता. सुलक्षणाने पाहिलं, तसा त्याने तो मानेमागे नेला.

"आवाज येत नाही का गं?"

"या कॅमेऱ्याला आवाज नाही."

"मग तू जा. सांग तिला, दिसतंय म्हणावं. माझी चूक होती म्हणावं."

"मी सांगू?"

त्याने स्टॅपलर पुन्हा उचलला. ती चपला घालून निघाली.

थोड्या वेळाने ती पडद्यावर दिसली. खाटेशी वाकून आजीच्या कानात काही बोलली, कॅमेऱ्याकडे बोट केलं. भिकुबाईंचा चेहरा हलला. पण त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. सुलक्षणाच्या खांद्यावरून, ती आली त्या बाजूला, मान जेवढी वळेल तेवढी वळवून त्या बघत राहिल्या. मागून आणखी कोणी येतंय का ते.

अभिमनने त्यांची उशी सरळ केली. त्यांची नजर हलली नाही.

योगेंद्र पडद्याकडे आणखी झुकला. त्या बाजूला दार होतं. कॅमेऱ्यात ते येत नव्हतं.