हद्दीवरचा बांबू

धाकट्या जावेने ओढ्याकाठी बांबू लावला आणि थोरलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. भावाभावांच्या वाटण्या कधीच झाल्या होत्या. ओढ्याकडची हद्द म्हणजे दोन दगड आणि मधलं गवत. एवढं रान पडलेलं असताना नेमकं तिथेच लावायचं?

"बांबूचं मूळ खालून चालत येतं," तिने नवऱ्याला सांगितलं. "बघता बघता आपलं शेत तिचं होईल."

"मूळ काय अंगठा उठवून जमीन घेणार आहे?" नवरा हसला.

भावाचा विषय निघाला की यांची अक्कल गहाण! थोरली धुसफुसतच उठली.

डेअरीच्या मागच्या खोलीत एक बाई बांबूची लागवड शिकवायला येत असे. धाकटी तिथेच शिकली होती. खरं काय ते कळावं म्हणून थोरलीही जाऊन मागे बसली. बाईने बांबूचा कंद वर धरला.

"एक जात पसरत जाते. दुसरी जागच्या जागी बेट करते. तुम्हाला दिलेली रोपं बेट करणारी आहेत."

हे बोलताना बाईची नजर थेट थोरलीवर. आणि धाकटी मान वळवून गोड हसली. झालं! कुठेतरी पाणी मुरतंय, थोरलीची खात्रीच पटली.

धाकटी बाजाराला गेलेली पाहून तिने भर दुपारी कुदळ घेतली आणि कडेचं वर्षभराचं रोप उकरलं. कंद आवळलेल्या मुठीसारखा निघाला. तिच्या शेताकडे एक फाटासुद्धा गेलेला नव्हता. तरी ती आणखी खाली खणत राहिली.

"ताई, सापडलं का काही?"

मागे धाकटी उभी. बाजाराची पिशवी अजून खांद्यालाच.

"वाळवी लागलीय का बघत होते," थोरली पुटपुटली.

"कुदळीने?" धाकटी खाली बसली. "तुम्ही खणणार हे मला ठाऊक होतं. म्हणून तर हद्द सोडून इतकं आत लावलं. बाईंनाही मीच सांगितलं होतं, ताई येणार आहेत, जातींचं नीट समजावा."

"म्हणजे तुमचं ठरलेलंच होतं!"

"होतंच. मी सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

थोरली कुदळीला चिकटलेली माती झटकू लागली.

धाकटीने कंद ओल्या गोणपाटात गुंडाळून तिच्या हातात दिला. "आता उपटलाच आहे तर न्या. लगेच लावलात तर जगेल."

फुकट का देतेय ही? थोरलीला वाटभर तोच प्रश्न. तरी तिने गोठ्यामागे खड्डा केला, शेणखत घातलं, रोज पाणी दिलं. कोंब फुटला तेव्हा नवऱ्याला हाताला धरून दाखवायला नेलं.

पुढच्या वर्गाला ती सगळ्यांच्या पुढे बसली आणि पहिला प्रश्न तिचाच.

"कंद एकीने दिला, लावला दुसरीने. मग बेटावर हक्क कुणाचा?"

सगळी खोली हसली, धाकटी सगळ्यांत मोठ्याने.

"लावणारीचा," बाई म्हणाली.

"पुन्हा एकदा सांगा," थोरली म्हणाली. "जरा हिच्याकडे बघून."