कारागिराच्या तीन वस्तू

कारागीर व्हायला कोणी तयार होत नाही. ज्याला त्याला तलवार हवी असते, नाहीतर बोटातून आग निघायला हवी असते. धुळ्यात देवपूरच्या कॉलेजात असताना कोकिळा त्या सोंगांच्या खेळात सगळ्यात शेवटी आली, तोवर चांगली चांगली सोंगं बाकीच्यांनी वाटून घेतली होती. उरला होता आर्टिफिसर, म्हणजे जादूचा कारागीर. दुसऱ्यांच्या वस्तूंत जादू भरायची, मोडलं तर जोडायचं, लागलं तर पट्टी बांधायची, आणि लढाई जिंकली की टाळ्या दुसऱ्याला. तो तिच्या गळ्यात मारला आणि तिनंही मुकाट्यानं घेतला. आमची कोकिळा तशीच. लग्नघरात सगळ्या नटूनथटून फोटोला उभ्या राहतात, तेव्हा कोपऱ्यात कोणाचं तरी लेकरू सांभाळत बसलेली जी असते ना, ती.

खेळ म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत, गोष्ट पुढे न्यायची. गोष्ट सांगायची दिपमाला. भुयारं, राक्षस, वादळ, सगळं तिच्या तोंडून यायचं. समाधान कुऱ्हाडवाला. तो खेळातही अहिराणीच बोलायचा, आणि राक्षस दिसला रे दिसला की ‘बठ्ठासले मारी टाकसू’, म्हणजे सगळ्यांना मारून टाकीन, म्हणून उठायचा. आणि अर्हम चोर. अंधारात एकटा पुढे जायचा, बघून यायचा, मग बाकीचे निघायचे. जागा अर्हमचीच. त्याच्या वडिलांचं, सुभाषचंदशेठचं, भांड्यांचं दुकान. त्यावरच्या खोलीत स्टीलच्या पिंपांच्या मधोमध टेबल मांडलेलं असायचं.

कॉलेज संपलं, कोकिळाला जळगावात पाइपांच्या कारखान्यात नोकरी लागली. घर नशिराबादला. तरी एकाआड एक रविवारी ती एसटीनं धुळ्याला जायचीच. तिच्या आईला, वच्छलाबाईला, हे अजिबात पटत नव्हतं. एवढी शिकलेली पोर एवढ्या लांब जाऊन फासे काय खेळते, लग्नाच्या वयात. कोकिळा म्हणायची, दिपमालाकडे जाते. पण दिपमालासाठी कोणी पहाटे उठून डाळीचे फुणके वाफवतं का? तेही दोन डब्यांत; एक सगळ्यांचा, आणि एक छोटा, कांदा-लसूण न घातलेला. छोटा डबा कोणाचा ते तुम्हाला कळलंच असेल. अर्हमला मात्र इतक्या वर्षांत तो नुसता डबा वाटत आला.

आता कारागिराचा एक नियम आहे. एका वेळी त्याच्या जादूच्या तीनच वस्तू चालतात. चौथी करायची तर आधीच्या तीनांतली एक विझवावी लागते. कोकिळाच्या तीन ठरलेल्या होत्या. समाधानची कुऱ्हाड, तिचं स्वतःचं चिलखत, आणि अर्हमची अंगठी.

अंगठीत तिनं असं केलं होतं, की अर्हम भुयारात कितीही आत गेला तरी तो कुठं आहे आणि बरा आहे की नाही हे कारागिराला कळावं. त्याच्या बोटातली अंगठी गरम झाली की तिच्याही बोटाला ऊब लागायची. खेळातच हो. पण खरं सांगायचं तर पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली की कोकिळा अंगठ्यानं ते रिकामं बोट चोळत बसायची आणि त्याचा विचार करायची. तिला तो आवडत होता, फार आवडत होता. तोंडानं कधी बोलली नाही. ते शेठ लोक, आपण शेतकरी, त्यांच्या घरात आपलं कोण ऐकणार, हे एक झालंच. पण दुसरं असं की, आपण अंगठी देऊन सगळं बोललोच आहोत, असं तिला वाटत होतं. त्याला कळलंय आणि तो वेळ बघतोय, या एका आशेवर बाई जगत होती. वेडी कुठली.

मग दिवाळीनंतर अर्हमची सगाई झाली, मालेगावच्या चेलनाशी. ग्रुपवर फोटो आले. कोकिळानंही सगळ्यांसारखे टाळ्यांचे हात टाकले आणि फोन पालथा ठेवला. पुढचा रविवार चुकवावा असं तिच्या मनात आलं होतं. पण तीच आली नसती तर सगळ्यांना कळलं असतं, म्हणून गेली. दोन्ही डबे घेऊन गेली.

चेलना आली होती. खेळ शिकायला, स्वतःच्या हौसेनं. चांगली मुलगी निघाली, हेच वाईट झालं. नाक वर करून बसली असती तर कोकिळाला जरा सोपं गेलं असतं. ही तर आल्या आल्या फुणके खाऊन कसे करतात ते विचारायला लागली. सोंग घेतलं आग टाकणाऱ्या जादूगारणीचं, आणि अंगावर संरक्षण म्हणाल तर काही नाही. पहिल्याच फटक्यात मेली असती. दिपमालाला कोकिळाच्या मनातलं पूर्वीपासून थोडं थोडं ठाऊक होतं; तिनं सांभाळून घेत म्हटलं, की आजच्या दिवस चेलनाला मागेच ठेवू. पण समाधानला कुठलं कळायला.

“कोकिळा, वहिनीले काय देशी?” तो म्हणाला.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. द्यायचं ते कारागिरानंच द्यायचं, हे तर ठरलेलं. मनात आणलं असतं तर काहीतरी हलकंसलकं देऊन ती मोकळी झाली असती. पण हात तसा चालेना. तिनं चेलनाला एक ओढणी करून द्यायची ठरवली, कसलाही घाव उतरू न देणारी. आणि त्यासाठी स्वतःचं चिलखत विझवते म्हणाली. दिपमाला चिडलीच. म्हणाली, भुयाराच्या तोंडाशी उभी आहेस, चिलखत काढलंस तर तू जगत नाहीस, आणि तू गेलीस की तुझ्या सगळ्याच वस्तू गेल्या. कुऱ्हाड विझवायचा तर प्रश्नच नव्हता, ती गेली तर लढायचं कोणी.

तेव्हा अर्हम हसत हसत, अगदी मोठ्या मनानं बोलला.

“माझी अंगठी काढ ना. मला कुठं लागते ती? काय होतं गं तिच्यात?”

कोकिळाला क्षणभर ऐकूच आलं नाही. मग आलं. इतकी वर्षं ती ज्याच्या आधारावर एसटीत बसत होती, ते त्याला आठवतही नव्हतं. त्याचा राग यावा असंही काही त्यानं केलं नव्हतं. अंगठीचा त्याला खरंच कधी उपयोग झाला नव्हता, ती होतीच मुळी तिच्यासाठी.

“तू कुठं आहेस ते कळायचं,” ती म्हणाली.

“कोणाला?”

“मला.”

चेलनानं खाली घातलेली मान वर केली आणि कोकिळाकडे नीट बघितलं. समाधान डब्यात हात घालता घालता थांबला. अर्हमला मात्र त्यात काही वावगं दिसलं नाही.

“मग तर काढच,” तो म्हणाला. “मी काय आता हरवतोय होय?”

दिपमालानं हळूच विचारलं, काढू का. कोकिळानं मान हलवली. मग ओढणीसाठी फासे टाकले, ते चांगले पडले, आणि ओढणी झाली. चेलना थँक्यू दीदी म्हणाली, पण फार बारीक आवाजात. कोकिळाला रडू येत होतं आणि ती आपल्या तीन वस्तू लिहिलेल्या कागदावर अंगठीच्या नावावरून रबर फिरवत होती. नाव पुसलं गेलं तरी ती फिरवतच राहिली.

गोष्ट पुढे निघाली. अर्हम नेहमीसारखा एकटा भुयारात शिरला. दिपमालानं अंधार सांगितला, पाण्याचा आवाज सांगितला, आत कुठंतरी दगड कोसळल्याचं सांगितलं. बाहेर बाकीचे वाट बघत थांबले. बराच वेळ आतून काही येईना, तसा समाधान सवयीनं कोकिळाकडे वळला.

“कोठे शे तो?”

तिचा अंगठा बोटाशी गेला, आणि तिथंच थांबला. चेलनाही तिच्या उत्तराची वाट बघत होती.

“मला नाही माहीत,” कोकिळा म्हणाली.