उंबऱ्यावरच्या वहाणा

आमच्या ह्यांना देवाचं वेड नाही, भीती मात्र भारी. चंद्रहास नाव, वायरिंगचं काम, आणि शिडीवर चढायच्या आधी चारचारदा हात जोडणार. मी चिडवायची, "देवाक जरा उसंत द्या!"

इथे आखातात, बरका शहरापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी, वादीच्या काठावर जुनं मातीचं गाव आहे. वादी म्हणजे इथली नदी. एरवी कोरडी, पाऊस झाला की पिसाळलेली. गावातली माणसं केव्हाच रस्त्यापलीकडच्या एसीच्या घरांत गेली. आता पर्यटकांसाठी त्या ओसाड घरांत दिवे लावायचे होते, ते काम ह्यांच्याकडे आलं. सुरुवातीलाच दोन माणसं शिडीवरून पडली. झालं! ह्यांनी आपल्या कोकणातल्या रीतीने गाऱ्हाणं घातलं आणि पहिल्या घराच्या उंबऱ्याशी चामड्याच्या नव्या वहाणा ठेवल्या. आमच्याकडे वेतोबाला वाहतात तशा. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून वहाणा झिजतात.

इथल्याही झिजल्या.

"देव जागो आसा गो," हे खुशीत म्हणाले. ज्या गावात माणूसच नाही, तिथे राखण कुणाची चालली होती?

तेव्हापासून माणूस बदलला. कामावरून शहरात, अल खौदच्या आमच्या घरी आले की जेवताना दाराकडे बघत बसायचे. आमची साई घाबरत म्हणाली, "मम्मा, बाबा मला... लाइक, ओळखत नाहीत." मी तिच्यावरच खेकसले. आणि ह्या शुक्रवारी, सुट्टी असून, हे घरी आलेच नाहीत.

साईला घेऊन मी टॅक्सीने त्या गावाकडे गेले. रस्त्यापलीकडे हवाबी म्हणून एक म्हातारी दारात खजूर निवडत होती. तिचा जन्म त्याच जुन्या गावातला. ह्यांच्याबद्दल विचारलं, तर मोडक्या हिंदीत तिने मलाच झापलं.

"दरवाजे पे जूता क्यों रखा? हम लोग में जूता बाहर, मतलब आदमी अंदर. वो घर कितना साल खाली था. अब वो लोग बोलता, हमारा आदमी वापस आया."

"वो लोग कौन?"

तिने साईला हाताला धरून आपल्याजवळ बसवलं. "बच्ची इधर रहेगी."

मी एकटीनेच वादी ओलांडली. भर दुपार होती. उंबऱ्याशी ह्यांचे सेफ्टी शूज नीट जोडीने ठेवलेले. शेजारी आणखी वहाणा होत्या, लहान-मोठ्या, एका घरात असाव्यात तेवढ्या. भीतीपेक्षा मला संताप जास्त आला.

"अहो! निघा आता. खलास झालं तुमचं काम!"

हे अनवाणी बाहेर आले. चेहरा इतका निवांत, की इतक्या वर्षांच्या संसारात मी तो कधी पाहिला नव्हता. माझ्याकडे बघून अदबीने हसले.

"येवा," म्हणाले. "बसा. कोणाकडे इलात?"

मी दंड धरून गदागदा हलवलं. "मी नंदा! बायको तुमची! साई रडतेय तिकडे!" मलाच रडू फुटलं. ह्यांनी माझा हात हळूच सोडवला, एखाद्या परक्या बाईचा सोडवावा तसा, आणि आत तोंड करून हाक मारली.

"अगो, पावणे इलेत."

छप्पर नसलेल्या त्या घरातून बांगड्या वाजल्या.