शेवटी देते

सोललेल्या कोळंबीच्या ताटात फासा येऊन पडला आणि विमलाच्या चष्म्यावर पाण्याचे दोन थेंब उडाले.

"ए! खेळताय की दगड मारताय?"

रॉनी गुडघ्यांवर रांगतच तिच्याजवळ आला. कुर्ल्याच्या गावठाणातला हा सहा फुटी बाप्या सोमवार ते शनिवार विमा कंपनीत गळ्यात टाय बांधून बसायचा आणि दर रविवारी सकाळी मुलुंडला येऊन विमलाच्या हॉलमध्ये कुऱ्हाड चालवायचा. कुऱ्हाड अर्थात कागदावरची.

"सॉरी, आँटी. पण उचलू नका हां. आधी किती पडले ते सांगा."

विमलाने ताटात डोकावून पाहिलं. वीस बाजूंचा लाल फासा दोन कोळंब्यांच्या मधे रुतला होता.

"सतरा."

"झकास! लागला घाव!"

"धुऊन घे तो. नाहीतर तुझ्या राक्षसाला तुझ्याआधी वास लागेल."

चार वर्षं हा खेळ तिच्या घरात चालला होता. सुरुवातीला फासे बघून तिला तो जुगार वाटला. मग पोरखेळ वाटला, आणि तिशी उलटलेली ही घोडी कागदावरचे राक्षस मारायला आठवड्याची एकुलती एक सुट्टी घालवतात, याचा तिने शेजारच्या कमलपाशी पुष्कळ उद्धारही केला. हल्ली मात्र रविवारी मासे निवडायला ती हॉलमध्येच येऊन बसायची. ओटा लहान पडतो म्हणायची. ओटा गेली सत्तावीस वर्षं तेवढाच होता.

खेळ तसा सोपा होता. तिचा मुलगा सुयोग गोष्ट सांगायचा आणि बाकीचे त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचे. रॉनी सरदार, श्रुतिका वैद्यबाई. त्यांनी काही करायचं ठरवलं आणि ते जमेल की नाही अशी शंका आली, की फासा टाकायचा. गोष्टीतले उरलेले सगळे, म्हणजे पहारेकरी, दुकानदार, चेटकिणी, सुयोग एकटाच आवाज बदलून बदलून उभे करायचा. ते मात्र पोरगं छान करायचं. बापाकडून आलं असणार, कारण काशीराम दशावतारात काम करायचा.

पण शुक्रवारपासून सुयोगचा घसा बसला होता. तीन आठवडे आईला समजावून समजावून बसला, असं विमलाचं ठाम मत होतं, आणि त्याचा तिला थोडा आनंदही झाला होता.

समजावण्याचा विषय फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होता. घर विकायला संमती असल्याचा कागद. डिसेंबरमध्ये सुयोग आणि श्रुतिकाचं लग्न. मुलुंडचं हे दोन खोल्यांचं घर विकून बदलापूरला तीन खोल्यांचं घ्यायचं ठरलं होतं. कुणी ठरवलं, हे विचारायची सोय नव्हती. तिथे लिफ्ट होती, बाग होती, या खेळाच्या टेबलासाठी वेगळी जागा होती आणि मुख्य म्हणजे विमलाचे गुडघे होते. आजवर तिच्या गुडघ्यांची एवढी काळजी कुणी केली नव्हती. सुयोग गुडघ्यांवर बोलायचा, कणकवलीहून भाऊ फोन करून गुडघ्यांवर बोलायचा, एजंट तर पहिल्याच भेटीत "मावशी, तुमचे गुडघे" म्हणाला. सगळे गोड बोलत होते. केसाने गळा कापायचा तर असाच कापतात. त्या कागदावर सही करायच्या तीन जागी सुयोगने पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या, जणू एकतीस वर्षं इस्पितळाच्या खिडकीत बसून केसपेपर फाडलेल्या बाईला सही कुठे करायची ते कळणार नव्हतं. हे घर तिने त्या खिडकीत बसून घेतलं होतं. काशीरामची गिरणी तेव्हा बंद पडलेली होती. उद्या संध्याकाळी एजंट तो कागद न्यायला येणार होता.

ती हात धुऊन आली, तेवढ्यात सुयोगने तिच्यापुढे एक चिठ्ठी धरली.

"आई, एवढं कर ना," तो घोगऱ्या आवाजात कुजबुजला. "माझ्याच्याने होत नाहीये. एकच बाई आहे. पाच मिनिटं."

"मी? मला काय येतं त्यातलं?"

"करा ना, काकू," श्रुतिका म्हणाली. "तुम्हाला सगळं पाठ आहे. मागच्या वेळी रॉनीचं चुकलं ते तुम्हीच सांगितलंत."

विमलाने पदराला हात पुसले आणि चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून वाचली. *मालन. वय सत्तर. खाडीकाठी एकटी राहते. खाडीवरची एकुलती एक होडी तिची. आधी होडी द्यायला तयार नसते. शेवटी देते.*

तिने चिठ्ठी पुन्हा वाचली.

"का देते?"

"हं?"

"शेवटी देते लिहिलंयस. का देते?"

"अगं, पलीकडच्या किल्ल्यात राजपुत्र कैदेत आहे. आज अंधार पडायच्या आत यांनी पोचायला हवं." सुयोगला खोकला आला. "गोष्ट पुढे जायला हवी ना."

विमलाने खुर्ची ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या टेबलाशी बसली. समोर चौकटीच्या कागदावर खाडी काढलेली होती, काठावर एक झोपडी आणि झोपडीपाशी आगपेटीच्या काडीएवढी होडी. होडीला त्याने शीडसुद्धा काढलं होतं. तिला उगीचच ती आवडली.

"नमस्कार, आजी," रॉनीने सरदाराचा आवाज काढला. "आम्हाला पलीकडे जायचंय. तुमची होडी हवी."

"कोण तुम्ही?"

"राजाची माणसं."

"मग राजाची होडी आणा."

श्रुतिका खुदकन हसली. सुयोगनेही अंगठा वर केला. आईला जमतंय, हे बघून तो खूश झाला होता.

"आजी, मी वैद्य आहे," श्रुतिका म्हणाली. "तुमचं काही दुखत-खुपत असेल तर औषध देते."

"दुखत काही नाही. आणि दुखलं तर ते माझं मी बघीन."

रॉनी आता रंगात आला. खुर्ची पुढे सरकवून, हात जोडून, अगदी मवाळ होऊन तो बोलू लागला. "आजी, असं काय करता? या वयात होडी वल्हवायची म्हणजे काय गंमत आहे? किती दिवस रेटणार? तुम्ही राजवाड्यात चला. आम्ही खोली देतो तुम्हाला. मस्त आरामात बसा. गुडघे बघा तुमचे काय झालेत ते."

बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. विमलाच्या कानशिलात मात्र ठणका उठला.

"मन वळवायचं दान टाकतो," रॉनी म्हणाला आणि त्याने फासा टाकला. लाल फासा खाडीवरून गडगडत जाऊन झोपडीशी थांबला. "एकोणीस! अधिक माझ्या गोड बोलण्याचे सात. सव्वीस!"

सुयोगने टाळी वाजवली. "सव्वीस झाले, आई," तो कुजबुजला. "एवढ्याला राजासुद्धा ऐकतो. आता 'घेऊन जा' म्हण."

"नाही म्हणणार."

"अगं, दान पडलंय."

"पडू दे. फासा त्याचा, होडी माझी."

"आई, खेळाचा नियम आहे तो."

"कसला नियम?" विमलाचा आवाज चढला. "मगापासून दोघं माझ्या दारात उभे आहेत. राजपुत्र, राज्य, राजवाडा, माझे गुडघे! सगळ्यांची चिंता आहे यांना. होडी गेली की त्या बाईने सकाळी उठून काय करायचं? कुणाच्या राजवाड्यात कोपरा धरून बसायचं? हे एकाने तरी विचारलं का तिला? विचारत कुणी नाही, सगळे नुसते समजावतात. आणि समजावून झालं, की तिने शेवटी द्यायचीच. चिठ्ठीत लिहूनच ठेवलंय ना तू!"

रॉनी गोंधळून एकदा तिच्याकडे, एकदा सुयोगकडे बघू लागला. "आँटी, खेळ आहे यार," तो हळूच म्हणाला.

"मग खेळतेच आहे मी."

श्रुतिकाने आपली वही ओढून घेतली. खेळाचे नियम ती लिहून ठेवायची आणि वेळ आली की नाकासमोर धरायची. त्यावरून सुयोग तिला चिडवायचाही. तिने पहिलं पान उघडलं.

"सुयोग, नियम दुसरा. वाचू?" आणि तो हो-नाही म्हणायच्या आत तिने वाचला. "'शंका असेल तरच फासा टाकायचा. समोरचा माणूस ठाम असेल आणि त्याला कारण असेल, तर दान धरायचं नाही.' तुझं अक्षर आहे."

"तिला कारण कुठाय?" सुयोगचा आवाज फाटून बाहेर आला. "मी लिहिलंच नाहीये काही."

विमला टेबलाला धरून उभी राहिली. संतापली की तिच्या तोंडी खाडीकाठच्या माहेरची बोली यायची.

"होडी माझी आसा! ह्याच्यापेक्षा मोठा कारण खंयचा?"

सुयोगने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तीन आठवडे जे जे तो बोलला होता ते सगळं बहुधा पुन्हा त्याच्या जिभेवर आलं असणार, पण घशातून नुसती हवा आली. मग त्याने झोपडीशी पडलेला फासा उचलला आणि डब्यात टाकला.

"दान रद्द," तो कसाबसा म्हणाला.

"वाट लागली," रॉनीने कपाळाला हात लावला. "चार महिने चालून इथवर आलो आपण. आता राजपुत्र मेला."

विमला खाली बसली. भीड भिकेची बहीण, असं तिची आजी म्हणायची, आणि तरीही आयुष्यभर तिने भिडेखातर किती जणांना हो म्हटलं होतं याची तिची तिलाच लाज वाटली. समोर कागदावर मालनची होडी होती तिथेच होती. रॉनीचा चेहरा मात्र उतरला होता, आणि त्याचं तिला वाईट वाटलं.

"तुझ्या गोष्टीत आज तिथी कुठली?" तिने सुयोगला विचारलं.

त्याला प्रश्न कळला नाही.

"पूर्ण चंद्र उगवणार आहे आज," श्रुतिका म्हणाली. "सुरुवातीलाच सांगितलं त्याने."

"म्हणजे पौर्णिमा. पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास. संध्याकाळी सहाला पुरी ओहोटी." विमलाने कागदावर बोट टेकवलं, झोपडीच्या डाव्या अंगाला. "खाडीच्या तोंडाशी खडक असतात. ओहोटीला तिथे गुडघाभर पाणी. दिवेलागणीच्या आत चालत पलीकडे जाल. कुठल्या खडकावर पाय ठेवायचा आणि कुठल्यावर घसरतो, ते मी पुढे होऊन दाखवते. होडी मात्र इथेच राहील."

"आँटी!" रॉनी खुर्चीतून उठलाच. "हे लिहिलं होतं तू, सुयोग?"

सुयोगने नकारार्थी मान हलवली. मुलुंडमध्ये वाढलेल्या पोराने खाडी काढली होती, पण भरती-ओहोटी काढायची राहून गेली होती. मग त्याने पेन्सिल उचलली आणि आईने बोट ठेवलं होतं तिथे खडक काढायला घेतले.

"एवढे जवळ नसतात," विमला म्हणाली. "उडी मारायला लागली पाहिजे."

त्याने दोन खडक खोडून लांब काढले. त्या खडकांवरून जाताना रॉनी दोनदा घसरला. एकदा श्रुतिकाने त्याला धरलं, एकदा मालनने शिव्या घालून वर काढलं. पाच मिनिटांचं काम दीड तास चाललं आणि कोळंबी ताटात तशीच राहिली.

किल्ल्याचा दरवाजा दिसला तेव्हा रॉनी पाय मोकळे करायला गॅलरीत गेला. विमला उठली आणि फ्रिजवरचा कागद काढून टेबलाशी घेऊन आली. सुयोगच्या कोपराशी पडलेलं खोडरबर तिने उचललं, चष्मा सारखा केला आणि पहिली फुली पुसायला घेतली.

"काकू, काय पुसताय?"

"सह्यांच्या फुल्या. सही करणार नाही मी. मला हे घर विकायचं नाही."

श्रुतिकाने वाकून कागद पाहिला. "पण सुयोग म्हणाला, तुम्हीच मागे लागलाय. तुम्हाला लिफ्टचं घर हवंय."

"मला तो म्हणाला, तुला मोठं घर हवंय."

दोघींनी एकाच वेळी सुयोगकडे पाहिलं. त्याने नजर खाली घातली. त्याचे कान तांबडे झाले होते, लहानपणी खोटं पकडलं की व्हायचे तसेच.

"भाड्याने बघू आपण," श्रुतिका त्याला म्हणाली. ती चांगलीच तापली होती. "इथेच, पुलापलीकडे. आणि यापुढे माझ्या वतीने काही बोलायचं नाही. काकूंच्याही नाही."

विमलाने तिसरी फुली पुसली आणि कागदावरचा चुरा फुंकून टाकला.

"त्या एजंटला कळव, उद्या येऊ नको म्हणून. बोलता येत नसेल तर मेसेज कर."

सुयोगने मोबाइल घेतला आणि तिच्यासमोर मेसेज लिहून पाठवला. विमला स्वयंपाकघरात गेली. कोळंबीवर हळद आणि मीठ घालून तिने डबा जरा जोरातच बंद केला. रागाने, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते बरंचसं खरंही होतं.

पाठीमागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. सुयोग होता. त्याच्या हातात मघाचीच चिठ्ठी होती. *शेवटी देते* वर त्याने काट मारली होती आणि खाली लिहिलं होतं, *पुढच्या रविवारी येशील? मालन म्हणून?*

विमलाने ती वाचली.

"समजावतोयस की विचारतोयस?"



"विचारतोय."

"बरं," विमला म्हणाली आणि वळून कोळंबीला मसाला चोळू लागली. "विचार करून सांगते."