सोमवारचे धुणे

सोमवारी टॅनर्स गल्लीत पाय ठेवायला जागा नसे. घराघरांतून धुणे अंगणात येई, निलगिरीच्या लाकडांचा धूर डोळ्यांत जाई आणि साऱ्या गल्लीच्या एकुलत्या एका नळावर बादल्यांची रांग लागे. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट एल्विन नगरपालिकेचे छायाचित्रकार अँब्रोज टली गरिबांची घरे टिपायला मुद्दाम सोमवारीच निघत. बाया घरी सापडत, मागची दारे उघडी असत, काम लवकर उरके. यापलीकडे त्यांनी कधी विचार केला नव्हता.

नाताळ तोंडावर आला होता. ऊन भाजत होते. आरोग्यनिरीक्षक क्रॅब यांच्यासह टली होनोरा डफीच्या अंगणात शिरले. होनोरा आयरिश विधवा होती. बड्या घरांची धुणी धुऊन ती स्वतःचे आणि मुलीचे पोट भरी. टलींच्या घरचे कपडेही तिच्याकडेच जात.

"या टलीसाहेब!" हातावरचा फेस झटकत ती हसली. "आज तुमचा तीन पायांचा घोडा माझ्या दारात? आणि तुमच्या बाह्यांवर ते फोटोचं कसलं औषध सांडता हो? खुद्द पोपला घासायला बसवलं तरी ते काळे डाग निघायचे नाहीत."

टलीही हसले.

"फोटो कशाला पण?"

"पाण्याचे हाल दिसायला नकोत का, बाई?" क्रॅब म्हणाले.

"मग चांगला काढा. घरमालकाला नळ बसव म्हणून सांगून जीभ झिजली माझी."

फोटो नळासाठी नव्हता. 'माणसांनी राहण्यास अयोग्य' असा शेरा मारून घर पाडायच्या प्रस्तावाला तो जोडायचा होता. मालकाला कोणी जाब विचारणार नव्हते. रस्त्यावर यायची होती ती भाडेकरीण. टलींना हे ठाऊक होते. ते कॅमेऱ्याच्या तिपाईचे स्क्रू आवळत राहिले.

"त्या चादरी जरा काढता का?" दोरीकडे बोट दाखवून ते म्हणाले. "उन्हात त्यांचा फोटोत नुसता पांढरा डाग उमटतो."

होनोराने धुऊन वाळत घातलेल्या शुभ्र चादरी उतरवल्या. अंगणात उरले ते राखेचे ढीग, गढूळ पाण्याची पिंपे आणि अजून धुवायच्या कपड्यांचा डोंगर.

टलींना आपल्या चित्रांच्या रेखीवपणाचा अभिमान होता. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्यापुढे त्यांनी त्या फोटोची काच धरली आणि त्यांचा हात थबकला. ढिगाच्या अगदी वर एक शर्ट होता. बाहीवर ठिपके होते, औषधाचे. त्यांनी काच धुतली, वाळवली आणि नगरपालिकेच्या सभेत पडद्यावर दाखवायला तिची पारदर्शिका तयार केली.

गुरुवारी दुपारी सभागृहाच्या खिडक्या बंद करून पडद्यावर ते अंगण दाखवण्यात आले. अध्यक्ष व्हिटलॉक यांनी नाकाला रुमाल लावला. सभासद खो खो हसले.

"या बटाटेखाऊ आयरिशांना नळ दिला तर त्याच्या हौदात बटाटे साठवतील!" कोणीतरी म्हणाले.

जाब द्यायला बोलावलेली होनोरा मागे भिंतीपाशी मुलीचा हात धरून उभी होती. अंगण गेले म्हणजे धुणे गेले, आणि धुणे गेले म्हणजे मुलगी अनाथाश्रमात. ती पडद्याकडे पाहतच नव्हती. ती टलींकडे पाहत होती.

"बाई, एवढी घाण घरात ठेवताना लाज नाही वाटत?" व्हिटलॉकनी विचारले.

"ती माझी नाही, साहेब. लोकांची आहे. धुवायला आलेली."

"कोणाची? नावं सांग."

"ते नाही सांगायची. ज्यांचे कपडे धुवायचे, त्यांचे डाग चारचौघांत सांगायचे नसतात."

पुन्हा हशा पिकला. टली पडद्यावर चित्र टाकणाऱ्या दिव्याजवळ उभे होते. नोकरी, घर, बायको, सारे डोळ्यांपुढून गेले. मग त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"वरचा शर्ट माझा आहे."

त्यांनी दिव्याच्या झोतात मनगट धरले. अंगातल्या बाहीवरही तेच ठिपके होते. "हिनं धुतलेल्या चादरी दोरीवर होत्या. त्या मी उतरवायला लावल्या. फोटो नळासाठी आहे असं हिला सांगितलं, ते खोटं होतं. मी तिथं उभा होतो आणि गप्प बसलो."

आता कोणी हसेना. जो तो पडद्यावरच्या ढिगात काहीतरी शोधू लागला. एका टेबलक्लॉथच्या कोपऱ्यात भरतकामाने काढलेले घराण्याचे आद्याक्षर स्वच्छ दिसत होते.

"दिवा विझवा!" व्हिटलॉक ओरडले.

टलींनी दिव्याला हात लावला नाही.

प्रस्ताव पुढच्या सभेवर गेला. घरमालकालाही बोलवावे, असे कोणीतरी खालच्या आवाजात सुचवले. दाराशी टली होनोराला काही बोलू पाहत होते. तिने शाल सावरली.

"शर्ट शनिवारी पोचवते, साहेब," ती म्हणाली. "डागाचं मात्र माझ्या हातात नाही."