काळा भात

आहारयोगी विश्वजीत यांनी काचेच्या वाडग्यातल्या भातावर एका बाटलीतले चार थेंब टाकले आणि पांढराशुभ्र भात काळाठिक्कर पडला. कोथरूडच्या एका मंगल कार्यालयात जमलेली तीनशे माणसं आ वासून बघत राहिली. टीव्हीचा कॅमेरा भातावरून योगीजींच्या रेशमी कुडत्यावर सरकला.

"हे तुमच्या ताटातलं विष. आता माझं संजीवन चूर्ण बघा." पाण्यात चिमूटभर पूड टाकून ते भातावर ओतलं, ढवळलं, काळेपणा गेला. टाळ्यांचा कडकडाट. "रक्तही असंच धुऊन निघतं. इन्शुलिनची सुई उद्यापासून कचऱ्यात टाका."

तिसऱ्या रांगेत कुसुमताई बसल्या होत्या. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाई त्या. शेजारी सून दीपमाला चक्क हात जोडून बसलेली. तिची अकरा वर्षांची ओवी पाचव्या वर्षापासून इन्शुलिनवर होती. ते थांबलं तर पोर जगणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि सकाळीच दीपमाला म्हणाली होती, "आई, सोमवारपासून बंद करून बघू या."

कुसुमताई उठून थेट मंचावर गेल्या. "अहो, तुम्ही सात्त्विक पीठ विकता ना? त्यावर टाका थेंब."

"माताजी, हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"आरसा नकोच आहे. बाटली द्या."

लोक हसले. तेवढ्यात बाईंनी बाटली उचललीही. मंचावरच्या पुड्यातलं सात्त्विक पीठ थेंब पडताच भाताहून काळं पडलं. मग त्यांनी चूर्ण जिभेला लावलं, आंबट लागताच तोंड वाकडं केलं आणि मंचावरच्या फळांतलं लिंबू कापून पिठावर पिळलं. काळेपणा उतरला.

"हे आयोडीन. पिष्टमय पदार्थावर पडलं की काळं होतं, शाळेतली पोरं करतात हा प्रयोग. चूर्णात क जीवनसत्त्व, लिंबातही तेच. ते आयोडीनचा रंग घालवतं. विष कुठलं आलंय?"

कोणीतरी दिवे घालवले. योगीजी पडद्यामागे सटकले. आणि शिसारी यावी अशी गोष्ट म्हणजे, दाराशी चूर्णाची रांग तशीच होती.

"लिंबाचं खरं असेल हो," वाटेत दीपमाला म्हणाली, "पण टीव्हीवाले खोटं कशाला दाखवतील?"

रविवारी कार्यक्रम लागला. भात काळा झाला, पांढरा झाला, टाळ्या वाजल्या. लिंबू नाही, कुसुमताई नाहीत.

"आई, तुम्ही कुठेच नाही यात," दीपमाला हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "मी तर डोळ्यांनी पाहिलंय." तिनं टीव्ही बंद केला आणि ओवीला जेवणाआधीच्या इंजेक्शनसाठी हाक मारली.

कुसुमताई एवढंच म्हणाल्या, "टीव्ही पालेभाजी खा म्हणाला, साखर कमी करा म्हणाला, तर खुशाल ऐकावं. औषध फेका म्हणाला, की आधी त्याच्या हातातली बाटली मागून घ्यावी."