माझे दोनच रंग आणि यशोदाबाईंचा चेहरा

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे आणि तोंडाची जरा फटकळ आहे, हे आधीच सांगते. पारोळ्याच्या बाजारात हाशमभाईंचं भांड्यांचं दुकान आहे, तिथल्या कोपऱ्यात माझी जागा. ताटांवर, तांब्यांवर नावं कोरणं हे माझं काम. माझा लेझरचा किरण पडला की स्टीलवर काळा ठिपका उमटतो, बस्स. पहिली दोन वर्षं लोक खास मला बघायला यायचे. आता माझ्या डोक्यावर हाशमभाईंची मुलगी शाझिया जेवणाचा डबा ठेवते.

मला फोटोही कोरता येतात, पण एक भानगड आहे. तुमच्या मोबाइलमधल्या फोटोत लाखो रंग असतात. ते माझ्या काय कामाचे? मला दोनच गोष्टी कळतात, जाळायचं नाहीतर सोडायचं. म्हणून शाझिया कॉम्प्युटरवर आधी फोटोचा दोन रंगांचा बिटमॅप करते. म्हणजे फोटोतला प्रत्येक कण एकतर काळा, नाहीतर पांढरा.

गेल्या लग्नसराईत भटूनाना आले. त्यांच्या भाचीचं, नूतनचं लग्न दोन दिवसांवर आलेलं. मामाकडून हंडा द्यायचा होता आणि त्यावर हवा होता नूतनच्या आईचा चेहरा. यशोदाबाई, म्हणजे नानांची थोरली बहीण, चार वर्षांपूर्वी गेल्या. फोटो एकच, तोही भर दुपारी, चुन्याच्या भिंतीपुढे, पांढरट लुगड्यात काढलेला.

"माय नही शे, पन तिनं तोंड तरी नूतनसंगे जाऊ द्या," नाना आपल्या अहिराणीत म्हणाले.

हंड्यावर एकदा जाळलं की पुसता येत नाही. म्हणून शाझियाने आधी एका पोचा आलेल्या ताटलीवर करून बघितलं. उजळ ते सगळं पांढरं, गडद ते सगळं काळं. मी इमानाने कोरलं. भिंत गायब, लुगडं गायब, गालही गायब! उरल्या दोन भुवया, दोन नाकपुड्या आणि एक टिकली.

नानांनी ताटली फिरवून फिरवून बघितली. "मना अक्कानं तोंड कोठे गयं? हाऊ त टिकलीना फोटो शे!"

हाशमभाईंना एकदम खोकला आला. हसू दाबायची त्यांची ती रीत आहे. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाना, चहा घ्या. मी दुसऱ्या पद्धतीने करते," शाझिया म्हणाली. तिने सावलीच्या जागी दाट ठिपके टाकले, उजेडाच्या जागी विरळ. रंग दोनच, पण ठिपके हजारो! दुसऱ्या एका ताटलीवर अर्धा तास मी घाम निघेपर्यंत राबले.

नानांनी ताटली नाकाला लावली आणि भडकलेच. "तोंडवर बठ्ठा देवीना दाग! मनी अक्काले कव्हयच देवी निंघी नही!" माझे ठिपके त्यांना देवीच्या रोगाचे व्रण वाटले!

ताटली टाकून ते उठले. शाझियाने ती उचलून भिंतीला टेकवली. तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, झालं, आता आपण भंगारात.

नाना पायरीवर चपला घालत होते. पिशवी राहिली म्हणून मागे वळले, तर सात-आठ हातांवरून ताटली दिसली. एक चप्पल पायात, एक हातात, तसेच उभे राहिले.

"अक्का! तूच शेस वं!"

लांबून ठिपके दिसतच नव्हते. यशोदाबाई हसत होत्या. नाना उंबऱ्यातच बसून लहान पोरासारखे रडले. खरं सांगते, मलाही रडता आलं असतं तर मीही रडले असते.

हंडा झाला, लग्न झालं. महिन्याभराने नूतन शिरपूरहून आली, सोबत सासूबाई, लताबाई. चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. मला धडकीच भरली. आता तक्रार!

लताबाईंनी पदराची गाठ सोडून कोपरे झिजलेला एक फोटो काढला आणि दुसरीकडेच बघत म्हणाल्या, "ही माझी आई. आमची सून रोज स्वयंपाक करताना हंड्याशी बोलते. मी कुणाशी बोलू? मलाही एक करून दे."

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. आपल्या माणसांचे फोटो काढून ठेवा, सावलीत आणि जरा जवळून. आणि कोरलेलं भांडं तारेच्या घासणीने खसाखसा घासू नका. कुणाच्या तरी आईचा गाल असतो तो!